जार फाइलचं नाव बदललेलं असेल तर हॅशवरून पॅकेज आणि आवृत्ती कशी ओळखायची?

देवगिरी (धागाकर्ता)

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल हा सुरक्षादोष, म्हणजे दोषांच्या सार्वजनिक यादीतला सीव्हीई-२०२१-४४२२८, जाहीर झाला तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न होता: आपल्याकडे लॉगफोरजे-कोअर ही लॉग लिहिणारी जावा लायब्ररी आहे का, आणि असेल तर कितवी आवृत्ती? २.०-बीटा९ ते २.१४.१ हा धोक्याचा पट्टा. फाइलच्या नावात आवृत्ती असली तर काम सोपं. पण तयार मिळालेल्या वॉर फाइलींच्या (अख्ख्या वेब ॲपच्या झिप) लिब फोल्डरमधल्या जार फाइलींना (झिप केलेल्या जावा लायब्ररींना) नुसतं ‘लॉगफोरजे.जार’ किंवा ‘कॉमन-लिब.जार’ अशी नावं सर्रास सापडतात. काही ठिकाणी नावात एक आवृत्ती आणि आत दुसरीच असते, कारण स्टार्टअप स्क्रिप्ट मोडू नये म्हणून नवी फाइल जुन्याच नावाने टाकलेली असते.

नाव कुणीही बदलू शकतं. आतला एकही बाइट बदललेला नसेल तर हॅश, म्हणजे आतल्या बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा, मात्र तोच राहतो. म्हणून ओळख पटवायची सुरुवात हॅशपासून करावी. पद्धत अशी:

मूळ सर्व्हरवर काही करू नका, प्रत वेगळ्या मशीनवर घ्या. बाहेरची वॉर किंवा ईअर फाइल उघडा, पण आतली जार उघडून पुन्हा झिप करू नका. पुन्हा झिप केलेल्या फाइलचा हॅश मूळ हॅशशी जुळत नाही. स्प्रिंग बूटची मोठी जार असेल तर आतल्या लायब्ररी बूट-इन्फ/लिब मध्ये असतात आणि त्या न दाबता (कॉम्प्रेस न करता), जशाच्या तशा ठेवलेल्या असतात. अनझिपला ‘-पी’ पर्याय देऊन त्यातली एक जार थेट शा१सम या हॅश काढणाऱ्या आज्ञेकडे पाइप करता येते, डिस्कवर काही लिहावं लागत नाही.

हॅश काढायला लिनक्सवर शा१सम आणि शा२५६सम, मॅकवर ‘शासम -ए २५६’, विंडोजवर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’ किंवा पॉवरशेलचं गेट-फाइलहॅश. पॉवरशेलला अल्गोरिदम सांगितला नाही तर ते शा-२५६ काढतं आणि उत्तर मोठ्या लिपीत देतं. तुलना करण्याआधी सगळं लहान लिपीत आणा. शा-१ आणि शा-२५६ दोन्ही एकाच फेरीत काढून ठेवा, दोन्ही लागतात.

मग मेवन सेंट्रलचा, म्हणजे जावा लायब्ररींच्या सार्वजनिक भांडाराचा, शोध. सर्च.मेवन.ऑर्गच्या ‘सोलरसर्च/सिलेक्ट’ या पत्त्यावर ‘क्यू’ या पॅरामीटरमध्ये आकडा १, कोलन, आणि दुहेरी अवतरणात चाळीस अक्षरी शा-१ द्यायचा. ‘डब्ल्यूटी’ला जेसन सांगितलं की उत्तरात जी, ए आणि व्ही ही तीन क्षेत्रं येतात: ग्रुप, आर्टिफॅक्ट, आवृत्ती. ‘नमफाउंड’ शून्य असेल तर जुळणी नाही. एकापेक्षा जास्त असेल तर तीच जार वेगवेगळ्या नावांनी प्रकाशित झालेली आहे, सगळ्या नोंदी टिपून ठेवा.

एक सावधगिरी. शेकडो विनंत्या धडाधड पाठवल्या तर सेवा नकार देते, ४२९ हा कोड येतो. बऱ्याच स्क्रिप्टमध्ये कोड तपासलेला नसतो आणि तो नकार ‘सापडली नाही’ म्हणून नोंदला जातो. अशा वेळी अहवालात धोक्याची जार ‘अज्ञात’ म्हणून शांतपणे बसून राहते. २०० हा यशाचा कोड आणि जुळणी शून्य, हेच खरं ‘सापडली नाही’. बाकी सगळं ‘पुन्हा विचारा’. आधी यादीतले दुहेरी हॅश काढून टाका आणि मिळालेली उत्तरं स्थानिक फाइलमध्ये साठवा, म्हणजे विनंत्या आपोआप कमी होतात.

पाटीपेन्सिल

उपयुक्त धागा. शंका: शा-१ फुटला आहे ना? मग त्याच्या भरवशावर ओळख कशी पटवायची?

सह्यकडा

@पाटीपेन्सिल, फुटला आहे, पण नेमकं काय फुटलंय ते पाहू.

फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या. २०२० मध्ये त्यापुढचा हल्ला आला, त्यात दोन्ही फाइलींची सुरुवात आपल्याला हवी ती ठेवता येते. दोन्हींत हल्लेखोर दोन्ही फाइली स्वतः तयार करतो. दुसऱ्या कुणीतरी आधीच प्रकाशित केलेल्या फाइलशी जुळणारी नवी फाइल बनवणं हा वेगळा आणि कितीतरी अवघड प्रश्न आहे. तसा व्यवहारात करता येण्याजोगा हल्ला शा-१ वर नाही, एमडी५ या आणखी जुन्या हॅशवरसुद्धा नाही.

म्हणून अपाचेने प्रकाशित केलेली जुनी जार ओळखायला शा-१ चालतो. पण ज्याने पॅकेज प्रकाशित केलं त्याच्यावरच संशय असेल तर चालत नाही. त्याने एकाच हॅशच्या दोन फाइली बनवून चांगली रिपॉझिटरीत ठेवली आणि वाईट तुम्हाला पाठवली, असं होऊ शकतं. २०१२ मध्ये उघड झालेल्या फ्लेम मालवेअरने एमडी५ च्या टकरीचा (दोन फाइलींचा हॅश एकच येण्याचा) असाच उपयोग करून मायक्रोसॉफ्टच्या नावाचं बनावट प्रमाणपत्र मिळवलं होतं.

उपाय साधा आहे. शा-१ वापरून फक्त उमेदवार शोधा. मग तीच आवृत्ती रेपो१.मेवन.ऑर्गवरून उतरवा आणि ‘सीएमपी’ने दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहा. तिथे प्रत्येक जारच्या शेजारी ‘.शा१’ आणि ‘.एमडी५’ या छोट्या फाइली असतात, पण त्या त्याच सर्व्हरवर असल्याने स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत. ‘.एएससी’ सही तपासली तर तो वेगळा पुरावा होतो, कारण ती प्रकाशकाच्या किल्लीने केलेली असते.

केवडा

शा-२५६ वरूनच शोधायचं असेल तर डेप्स.डेव्हची एपीआय (प्रोग्रामने प्रश्न विचारायची सोय) आहे. एनपीएम, कार्गो, मेवन, न्यूगेट, पायपीआय आणि रुबीजेम्स या पॅकेज-भांडारांच्या फाइली एकाच प्रश्नात शोधता येतात. ‘क्वेरी’ या पत्त्याला हॅशचा प्रकार आणि हॅशची किंमत द्यायची.

पण इथे बहुतेक जण अडकतात, कारण किंमत नेहमीच्या हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ) नाही, बेस६४ मध्ये (६४ चिन्हांत लिहायच्या पद्धतीत) लागते, आणि तीही मूळ बाइटांची. शा-२५६ म्हणजे ३२ बाइट, त्यांचं बेस६४ होतं ४४ अक्षरांचं, शेवटी एक बरोबरचं चिन्ह. हेक्सच्या ६४ अक्षरांनाच बेस६४ केलं तर ८८ अक्षरं होतात आणि शेवटी दोन बरोबरची चिन्हं येतात. खऱ्या शा-५१२ चं बेस६४ हुबेहूब याच लांबीचं असतं, त्यामुळे नुसतं पाहून चूक कळत नाही. हेक्स आधी ‘एक्सएक्सडी -आर -पी’मधून काढा, मग बेस६४ करा.

आणखी दोन खाचा. बेस६४ मधली अधिक, तिरकी रेघ आणि बरोबर ही चिन्हं पत्त्यात टाकण्याआधी टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या कोडमध्ये बदलावी लागतात, नाहीतर अधिक चिन्हाची रिकामी जागा होते आणि हॅश बिघडतो. दुसरं, लिनक्सचं बेस६४ दर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडतं. शा-२५६ ला फरक पडत नाही, शा-५१२ मध्ये मात्र ओळ मधेच तुटते. ‘-डब्ल्यू ०’ द्या.

एका हॅशला खूप नोंदी परत आल्या तर गोंधळू नका, एकच फाइल अनेक पॅकेज-आवृत्त्यांमध्ये असू शकते.

पाटीपेन्सिल

@सह्यकडा, @केवडा, दोन्ही उत्तरांबद्दल आभार. आता हे सांगा, जुळणी शून्य आली तर पुढे काय? ती फाइल संशयास्पद धरायची का?

देवगिरी (धागाकर्ता)

नाही, आणि हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुळणी मिळाली तर उत्तर पक्कं. नाही मिळाली तर फक्त एवढंच कळतं की नेमके हेच बाइट त्या सूचीत नाहीत. याची निरुपद्रवी कारणं भरपूर आहेत.

सगळ्यात नेहमीचं कारण पुन्हा बांधलेली जार. झिपमध्ये प्रत्येक फाइलची वेळ साठवली जाते, तीही स्थानिक वेळ, दोन सेकंदांच्या टप्प्यात. तोच कोड, तोच कंपायलर, पण एक बिल्ड पुण्याच्या लॅपटॉपवर आणि दुसरं यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर झालं तर हॅश वेगळा. फाइलींचा क्रम, दाबण्याची पातळी, मॅनिफेस्टमध्ये (जारमधल्या माहितीपत्रकात) लिहिलेली बिल्डची तारीख यांपैकी काहीही पुरतं. मेवनमध्ये ‘प्रोजेक्ट.बिल्ड.आउटपुटटाइमस्टँप’ ठरवून दिला तर हा त्रास बराच कमी होतो, पण जुन्या जारच्या बाबतीत ती संधी गेलेली असते.

दुसरं कारण वितरकाचं स्वतःचं बिल्ड. रेड हॅटच्या जारच्या आवृत्तीपुढे ‘.रेडहॅट-००००१’ असं शेपूट असतं आणि त्या त्यांच्या स्वतःच्या मेवन रिपॉझिटरीत असतात. सेंट्रलवर शोधून उपयोग नाही.

तिसरं लॉगफोरशेलच्या वेळचं खास. तातडीचा उपाय म्हणून जारमधून जेएनडीआय-लुकअप हा क्लास (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) ‘झिप -डी’ने उडवायला सांगितलं होतं. अनेक ठिकाणी तो उडवला गेला. त्या जारचा हॅश कुठल्याच सूचीत सापडणार नाही, आणि नावावर चालणारा स्कॅनर तिला २.१४.१ म्हणून लाल करत राहील.

चौथं, शेड केलेली जार, म्हणजे अनेक लायब्ररींचे क्लास एकाच फाइलमध्ये ओतलेले.

जुळणी नसेल तेव्हा एक पायरी खाली उतरायचं: जारऐवजी आतल्या क्लास फाइलींची तुलना. त्यासाठी सगळं उघडावं लागतंच असं नाही. ‘अनझिप -व्ही’ दिलं की प्रत्येक फाइलचा आकार आणि सीआरसी-३२ (छोटा तपासणी-आकडा) दिसतो. मेटा-इन्फ/मेवन मधली पॉम.प्रॉपर्टीज ही नाव-आवृत्तीची फाइल वाचून संभाव्य आवृत्ती काढा, ती सेंट्रलवरून उतरवा, दोन्हींच्या याद्या क्रमाने लावून ‘डिफ’ करा. सीआरसी कुणीही ठरवून जुळवू शकतो, म्हणून ही फक्त चाळणी. पुरावा म्हणून लिहायचं असेल तर क्लासचा शा-२५६ काढा.

निकाल साधारण असा वाचायचा. सगळे क्लास जुळले, फक्त जारचा हॅश वेगळा: पुन्हा झिप केली किंवा सही बदलली. एक-दोन कमी, बाकी जुळतात: कुणीतरी हाताने काढले, कुठले ते पाहा. एखादा क्लास जास्तीचा किंवा बदललेला: इथे थांबा, तो क्लास डीकंपाइल करून वाचा, कारण पॅच आणि घुसखोरी दोन्ही इथे सारख्याच दिसतात. एकही जुळत नाही पण क्लासची नावं तीच: वेगळ्या कंपायलरने पुन्हा कंपाइल केलंय, किंवा शेड करताना पॅकेजचं नाव बदललंय. नाव बदललं की क्लासमधल्या स्थिरांकांच्या यादीतला मजकूर बदलतो, म्हणून क्लासचा हॅशही जातो. अशा वेळी क्लासच्या आतली अक्षरं वाचण्यावाचून इलाज नाही.

आवृत्ती ठरवताना एकाच क्लासवर विसंबू नका. लागोपाठच्या आवृत्त्यांत बरेच क्लास बाइट-बाइट तेच राहतात. प्रत्येक क्लास कुठल्या कुठल्या आवृत्त्यांत आढळतो ते काढा आणि सगळ्यांत सामाईक उरणारी आवृत्ती घ्या. लॉगफोरजेसाठी जेएनडीआय-मॅनेजर हा क्लास उपयोगी पडतो, कारण दुरुस्ती तिथेच होत गेली. काही मुक्तस्रोत तपासणी-साधनं याच्याच हॅशची यादी बाळगून होती.

खाडीपूल

वरच्याला जोड: ई३बी०सी४४२ ने सुरू होणारा शा-२५६ दिसला तर तो शून्य बाइटांच्या फाइलचा आहे. शा-१ असेल तर डीए३९ए३ईई, एमडी५ असेल तर डी४१डी८सीडी९. पायथनच्या रिकाम्या ‘इनिट’ फाइली हजारो पॅकेजांत असतात आणि शोधात त्या सगळ्यांशी जुळतात. परवान्याच्या प्रतींचंही तेच. फाइल-पातळीवर शोधताना रिकाम्या आणि अगदी छोट्या फाइली आधीच गाळा. आणि जारचाच हॅश ई३बी०सी४४२ आला तर डाउनलोड फसलंय किंवा पाइपमध्ये काही गेलंच नाही, एवढाच अर्थ.

केवडा

पायथन आणि एनपीएमबद्दल कुणी विचारायच्या आत लिहून ठेवते.

पायपीआय प्रत्येक फाइलसाठी एमडी५, शा-२५६ आणि ब्लेक२बी-२५६ देतं, पॅकेजच्या जेसन पानावर ‘डायजेस्ट्स’ खाली. डाउनलोडच्या पत्त्यातले लांबलचक तुकडे हाच ब्लेक२बी हॅश असतो: पहिली दोन अक्षरं, मग दोन, मग उरलेली साठ. व्हील फाइल (पायथनचं तयार पॅकेज) हातात असेल तर शा-२५६ काढून थेट ताडता येतो. स्थापित झालेल्या फोल्डरवर व्हीलचा हॅश लागू होत नाही, तिथे ‘डिस्ट-इन्फो’मधली रेकॉर्ड फाइल वाचायची. त्यात प्रत्येक फाइलचा मार्ग, शा-२५६ आणि आकार असतो. हा हॅश पत्त्यांत चालणाऱ्या बेस६४ मध्ये असतो, म्हणजे अधिकच्या जागी आडवी रेघ, तिरक्या रेघेच्या जागी अधोरेख, आणि शेवटचं बरोबर गाळलेलं. तसंच साध्या बेस६४ शी ताडलं तर सगळंच चुकीचं दिसेल. ‘पायकॅश’मधल्या पीवायसी फाइली सोडून द्या, त्यांत मूळ फाइलची वेळ लिहिलेली असते.

एनपीएमच्या लॉक फाइलमधलं ‘इंटिग्रिटी’ हे टारबॉलचा (एकत्र बांधून दाबलेल्या पॅकेज-फाइलचा) शा-५१२, बेस६४ मध्ये. नोड-मॉड्यूल्समधलं उघडलेलं फोल्डर पुन्हा बांधून तो मिळवायचा प्रयत्न करू नका. पॅक करताना एनपीएम सगळ्या फाइलींची वेळ २६ ऑक्टोबर १९८५ अशी ठेवतं ते निकाल सारखा यावा म्हणूनच, पण जीझिपची आवृत्ती बदलली तरी हॅश बदलतो. तिथेही फाइल-फाइल ताडणंच खरं.

तिसरा_प्रहर

लिनक्सच्या पॅकेजांसाठी. डेबियनच्या .डेब फाइलचा शा-१ स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्गच्या ‘एमआर/फाइल’ पत्त्यावर दिला की ती कुठल्या नावाने, कुठल्या दिवशीच्या संग्रहात होती ते कळतं. संग्रह २००५ पासूनचा आहे, त्यामुळे फार जुन्या सर्व्हरवरचं पॅकेजही ओळखता येतं. स्थापित फाइलींसाठी ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ किंवा डेबसम्स. दोन्ही मशीनवरच ठेवलेल्या एमडी५ यादीवर चालतात. ज्याच्याकडे रूट (मशीनचे सर्वाधिकार) आहे तो ती यादीही बदलू शकतो, म्हणून घुसखोरीचा संशय असेल तर .डेब बाहेरून आणून ताडा. आरपीएमवाल्यांनी ‘आरपीएम -व्ही’ (मोठ्या लिपीतला व्ही) वापरावं, तोच इशारा लागू.

एल्फ बायनरी (लिनक्सची चालणारी फाइल) ‘स्ट्रिप’ केलेली, म्हणजे डीबगची माहिती काढलेली, असेल तर फाइलचा हॅश बदलतो पण आतली बिल्ड-आयडी टिकते. ‘रीडएल्फ -एन’ने ती काढा आणि डीबगइन्फोडी सर्व्हरला विचारा.

खूप फाइली असतील तर लक्झेंबर्गच्या सीआयआरसीएलची हॅशलुकअप सेवा पाहा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेची एनएसआरएल सूची आणि लिनक्स वितरणांच्या फाइली त्यात आहेत. ‘पेरेंट्स’ या क्षेत्रात ती फाइल कुठल्या पॅकेजमधून आली ते मिळतं. ऑफलाइन काम असेल तर त्यांचं ब्लूम फिल्टर (सूचीचं आटोपशीर रूप) उतरवता येतं. ते ‘नाही’ म्हणालं तर नक्की नाही. ‘हो’ म्हणालं तर क्वचित चुकू शकतं, ते पूर्ण सूचीत पुन्हा तपासा.

पाटीपेन्सिल

एनएसआरएलमध्ये सापडली म्हणजे सुरक्षित, बरोबर?

सह्यकडा

नाही. एनएसआरएल म्हणजे माहीत असलेल्या सॉफ्टवेअरची नोंद, चांगुलपणाचा दाखला नव्हे.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनाचं प्रकरण घ्या, सीव्हीई-२०२४-३०९४. ५.६.० आणि ५.६.१ चे टारबॉल अधिकृत होते, सहीही प्रकल्पाच्या देखभालकर्त्याची होती. हॅश शोधला असता तर ‘अधिकृत एक्सझेड ५.६.१’ असंच उत्तर आलं असतं आणि ते खरंही होतं. मागचं दार उघडणारी ‘बिल्ड-टू-होस्ट.एम४’ ही बदललेली फाइल टारबॉलमध्ये होती, गिटच्या भांडारात नव्हती. म्हणजे इथे उपयोगी पडली असती ती दुसरी तुलना: टारबॉलमधल्या प्रत्येक फाइलचा हॅश गिटमधल्या त्याच टॅगशी ताडणं. ऑटोटूल्स या बिल्ड-साधनांनी तयार केलेल्या फाइली गिटमध्ये नसतातच, त्यामुळे फरकांची यादी लांब येते आणि ती खरोखर वाचावी लागते.

ही तुलना करताना गिटचा हॅश म्हणजे फाइलचा शा-१ नव्हे हे लक्षात असू द्या. गिट आधी ‘ब्लॉब’, रिकामी जागा, आकार आणि एक शून्य बाइट जोडतं, मग शा-१ काढतं. ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट’ वापरा. सॉफ्टवेअर हेरिटेज या सोर्स कोडच्या संग्रहाच्या ओळखीतही मजकुरासाठी हाच हॅश असतो, पण त्यांची एपीआय साधा शा-२५६ सुद्धा स्वीकारते. विंडोजवर गिटने ओळींचे शेवट बदलले असतील तर एकही मजकूर फाइल जुळणार नाही, ‘ऑटोसीआरएलएफ’ बंद करून पुन्हा क्लोन करा.

आणि गिटहब आपोआप बनवतं त्या सोर्स झिप-टारच्या हॅशवर काही बांधू नका. ३० जानेवारी २०२३ रोजी त्यांनी दाबण्याची पद्धत बदलली, आतला मजकूर तोच राहून टारबॉलचे हॅश बदलले आणि जगभरची बिल्ड अडली. बदल त्याच दिवशी मागे घेतला. प्रकल्पाने स्वतः चढवलेली रिलीज फाइल असेल तर तिचाच हॅश धरा.

खाडीपूल

गोपनीयतेबद्दल कुणीच लिहिलं नाही. व्हायरसटोटल या फाइल-तपासणीच्या साइटवर हॅश शोधणं आणि फाइल चढवणं यात फार फरक आहे. चढवलेली फाइल त्यांच्या सशुल्क ग्राहकांना उतरवता येते. ग्राहकाची वॉर फाइल कधीच चढवू नका, फक्त हॅश द्या. हॅशची पूर्ण यादी बाहेर पाठवणंसुद्धा निरुपद्रवी नाही, तुमच्याकडे कुठल्या जुन्या लायब्ररी आहेत ते त्यातून कळतं. बँकेसारख्या ठिकाणी सूची आत आणून शोध आतच चालवा.

पाटीपेन्सिल

शेवटचा प्रश्न. सर्ट-इन या भारताच्या सायबरसुरक्षा यंत्रणेच्या ऑक्टोबर २०२४ च्या एसबॉम (सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी) मार्गदर्शक सूचनांत घटकाच्या माहितीत हॅशचंही क्षेत्र आहे. तिथे कुठला हॅश लिहायचा, सेंट्रलवरच्या मूळ जारचा की आपल्याकडे बसवलेल्या फाइलचा?

देवगिरी (धागाकर्ता)

बसवलेल्या फाइलचा, शा-२५६. जुळणी झाली असेल तर दोन्ही एकच असतात. जुळली नसेल तर सेंट्रलचा हॅश लिहिणं म्हणजे खोटी नोंद, कारण उद्या कुणी तो सर्व्हरवर तपासला तर फाइल सापडणारच नाही. एसबॉम लिहायच्या दोन नमुन्यांपैकी सायक्लोनडीएक्समध्ये अल्गोरिदमचं नाव आडव्या रेघेसह ‘शा-२५६’ असं लागतं, एसपीडीएक्समध्ये रेघेशिवाय. एकातून दुसऱ्यात हाताने उतरवताना इथे तपासणी अडते.

पॅकेज यूआरएल, म्हणजे पर्ल (पॅकेजचं नाव आणि आवृत्ती सांगणारा ठरावीक पत्ता), पूर्ण आवृत्तीसह तेव्हाच लिहा जेव्हा जारचा हॅश जुळला असेल किंवा सगळे क्लास जुळले असतील. क्लास काढलेली जार असेल तर पर्ल मूळ आवृत्तीचाच ठेवा, पण घटकाच्या ‘पेडिग्री’त (पूर्वेतिहासाच्या क्षेत्रात) बदल नोंदवा, म्हणजे पुढचा माणूस स्कॅनरच्या लाल नोंदीशी ते ताडून पाहू शकेल.

कामाची वही म्हणून साधी सीएसव्ही पुरते: मार्ग, आकार, शा-१, शा-२५६, पर्ल, आणि ओळख कशी पटली ते. शेवटच्या रकान्यात ‘जार हॅश’, ‘क्लास हॅश’, ‘पॉम.प्रॉपर्टीज’ किंवा ‘फक्त नाव’ यांपैकी एकच लिहायचं. जारच्या आतली जार असेल तर मार्गात उद्गारचिन्ह घालून पुढचा मार्ग जोडा, जावाची तीच रीत आहे. ‘फक्त नाव’ असलेल्या ओळी गाळून यादी लावली की हातात उरतं ते खरं ओळखलेलं, आणि गाळलेल्या ओळी हीच पुढच्या तपासाची यादी.